घोंगडीखालचं बॉनेट

निमोण्याच्या चढापाशी अख्खी वस्ती लोटली होती. आण्णांची परदेशी गाडी, जुनी पण झोकदार, मुलाच्या, रुद्रच्या, लग्नासाठी पुण्याहून आणलेली. तिच्यात नव्या सुनेला, पूनमला, बसवल्यावर ती वर निघाली आणि अर्ध्यातच धापा टाकायला लागली. मग पूनमला उतरवलं. भिमा देवरुषीनं बॉनेट उघडलं, वरून घोंगडी पांघरली, आत डोकं खुपसून काहीबाही पुटपुटला आणि बॉनेट आपटलं. आता गाडी सुसाट वर गेली. लोकांनी हात जोडले.

"पोरीची सावली इंजिनाच्या उरावर बसती," देवरुषी म्हणाला. "हिला आजच माहेरी लावून द्या. न्हाईतर घरातल्या माणसांचा दम असाच जाईल."

इंजिनाला ऊर असतो हे दौंडच्या आयटीआयमध्ये मोटार शिकवणाऱ्या सम्राटला नवीनच होतं. रुद्र त्याचा वर्गमित्र. त्यानंच बोलावलं होतं, आणि आता तोच खाली मान घालून उभा होता. पूनमची बॅग आधीच डिकीत ठेवलेली. तिची सावली पडू नये म्हणून बाया पदर सावरून लांब सरकत होत्या. सम्राटला किळस आली. भिमा आधी गॅरेजात पाने फिरवायचा, हे इथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि आज एकालाही आठवत नव्हतं.

गाडीचा दम कधीपासून गेला, असं त्यानं आण्णांना विचारलं.

"पुण्याहून वाऱ्यावानी आली. हिनं उंबरा वलांडला, त्याच दिवशी बसली."

आणि गाडीची पूजा?

"ती बी त्याच दिवशी. भंडारा उधळला. हवा घेती त्या डब्यातली गाळणी काढून आत मूठभर घातला. म्हटलं, श्वासातनं जाऊ दे आंगात."

सम्राटनं गाडी खाली आणवली आणि सरळ बॉनेट उघडलं. देवरुषी कोप होईल म्हणून ओरडत राहिला. आत वायरचा एक प्लग उपसून ठेवलेला होता. सम्राटनं तो बसवला आणि पूनमला खालीच ठेवून रुद्रला गाडी चढवायला सांगितली. गाडी अर्ध्यात धापा टाकू लागली. ती खाली आणून त्यानं प्लग पुन्हा काढला, पूनमला पुढं बसवलं. गाडी सुसाट वर गेली.

ती परत खाली आल्यावर त्यानं डबा उघडून सगळ्यांना दाखवला. "हवा किती येते ते मोजणारी ही बारीक तार. हिच्यावर भंडाऱ्याचा थर बसलाय. हवा कमी आहे असं ती सांगते, म्हणून इंजिनाला पेट्रोलही कमी मिळतं. प्लग काढला की गाडी हिचं ऐकत नाही, अंदाजानं पेट्रोल घेते आणि पळते. घोंगडीखाली यानं एवढंच केलं."

देवरुषी घोंगडी गोळा करून कधी सटकला, कळलंही नाही. आण्णा मात्र काहीच न झाल्यासारखे म्हणाले, "चला सूनबाई, बसा गाडीत."

पूनम आधीच उतरून उभी होती. "गाडी बिघडली तवा तुम्ही कारण न्हाई शोधलं, मामा. माणूस शोधलं."

ज्यांनी मघाशी हात जोडले होते, ते आता धुळीकडे बघत होते.

भंडारा देवाला जरूर वाहा. पण दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली, असं होत नाही. ते ताडून पाहायला मोठी विद्या लागत नाही. घोंगडी बाजूला करून तीच गोष्ट पुन्हा एकदा करून बघावी लागते. तेवढेही कष्ट कुणी घेतले नाहीत, आणि एका पोरीला घराबाहेर काढायला सगळा गाव तयार झाला होता.