आखूड ई

शाळेच्या संमेलनात तुळसा इंग्रजीतून गावाची माहिती सांगणार, हे तिला इंग्रजी शिकवणाऱ्या सुभद्राबाईंनीच ठरवलं होतं. साल बासष्टचं. कुणकेश्वरच्या गाबितवाड्यातली, मासेमारांच्या वस्तीतली मुलगी पहिल्यांदाच आठवीपर्यंत पोचली होती, तिने मुंबईकर पाहुण्यांपुढे ताठ उभं राहावं, ही बाईंची हौस.

तुळसा ताठच उभी राहिली. आमच्या गावाला सुंदर किनारा आहे, एवढं साधं वाक्य. पण किनाऱ्याचा इंग्रजी शब्द ‘बीच’ तिने आखूड करून ‘बिच’ म्हटला, बाईंनी शिकवला होता तस्सा. पुढच्या रांगेतला एक पाहुणा रुमालात हसला. मग सामंत मास्तर हसले, आणि मास्तर हसले म्हणून सगळा मांडव हसला. पोरीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं.

मांडव रिकामा झाल्यावर बाईंनी सामंतांना गाठलं. ते मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवत. त्यांनी सांगितलं, ई लांबवली तर किनारा. आखूड केली तर कुत्री, आणि बाईमाणसाला द्यायची शिवी. तालमीतच त्यांच्या लक्षात आलं होतं, पण असलं बाईंना सांगायचं कसं? सांगताना ओठांच्या कोपऱ्यात हसू होतंच.

आधी बाईंना स्वतःची लाज वाटली. मराठीत वेलांटी चुकली तर फार तर गुण जातो. इथे पोरीची अब्रू गेली होती, आणि चूक त्यांची होती. पण हा माणूस महिनाभर खिडकीशी उभा राहून तालीम ऐकत होता, हे आठवलं आणि त्यांचं अंग पेटलं.

दुसऱ्या दिवशी तुळसा शाळेत आली नाही. बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, वर्गाकडून लांब आणि आखूड उच्चार घोकून घेतले, दोन्हींचे अर्थ सांगितले. चूक आपली होती, हेही सांगितलं. कोणी हसलं नाही. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. मुलांना शिव्या शिकवता म्हणाले.

“शब्द मी आधीच शिकवला होता, नकळत,” बाई म्हणाल्या. “आज फक्त अर्थ शिकवला.”

हेडमास्तरांनी इंग्रजीचा तास काढून सामंतांना दिला. बाईंनी वाद घातला नाही. तशाच उठून त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांदेखत सामंतांना म्हणाल्या, माझ्याबरोबर तुळसाच्या घरी चला. सामंतांनी नकार दिला. मग तिच्या आईलाच इथे घेऊन येते, असं म्हटल्यावर ते मुकाट्याने उठले.

तुळसाची आई काशीबाई अंगणात बांगडे सुकत घालत होती. तुळसा दाराआड उभी. सामंतांनी घसा साफ करून काय झालं ते सांगितलं. किनारा हा अर्थ सांगितला, दुसरा गिळला. तो बाईंनी सांगितला.

काशीबाईने हात पदराला पुसले. आवाज चढवला नाही.

“मास्तरानू, तुमका म्हायत होता. मगे माझ्या चेडवाक सांगूक नाय कित्याक?”

 पोरीला का सांगितलं नाही, याच्या उत्तराची वाट बघत काशीबाई उभी राहिली, बाईही.  शेवटी मास्तर वहाणा ओढत निघून गेले.

सोमवारी तुळसा शाळेत आली. इंग्रजी तिला आता सामंत शिकवत, आणि तिच्याशी जपून बोलत. सुभद्राबाईंना भूगोल मिळाला होता. सामंत रोज सकाळी नमस्कार करत. ते बदली होऊन कणकवलीला जाईपर्यंत बाईंनी तो एकदाही घेतला नाही.