धुऊन वर यायचे

"तिथं नको खणूस, एमिल! त्या कोपऱ्याच्या बरोबर वर माझी खाट आहे. तुझा पंप माझ्या पाठीखाली घरघरत बसेल."

मेतोद हुडाक तळघराच्या जिन्यावर बसून मला हुकूम सोडीत होते. वय ब्याऐंशी. मी काँक्रीट फोडायचा ब्रेकर बंद केला.

"मग कुठं खणू, काका?"

त्यांनी काठीने समोरची भिंत दाखविली.

"तिथं पलंग येणार आहे, काका. पंप अगदी उशाशी होईल."

"भाडेकरूच्या ना? कानात कापूस घालील तो! खण बिनधास्त."

भाडेकरू वगैरे कोणी येणार नव्हता, हे मला त्याच सकाळी कळले होते. त्यांच्या सुनेने, डनीसने, स्वयंपाकघराचे दार लोटून मला हलक्या आवाजात सांगितले होते, "हिवाळ्यात ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लघवी आवरत नाही. दोन सोफे टाकून दिले आम्ही. खोलीबिली, संडास, सगळं खाली हवं. त्यांना भाडेकरू सांगितलाय. तू तोंड उघडू नकोस, नाहीतर खड्ड्यात पाय सोडून बसतील." काकांचा मुलगा ग्रेग कॉफीच्या पेल्यात पाहत होता. मीही तोंड उघडले नाही. या पातकातील माझा वाटा एवढाच. तथापि तो लहान नाही.

मी भिंतीलगत खणू लागलो. आमच्या उतारावरील घरांत मैल्याचा मुख्य नळ तळघराच्या भिंतीतून छातीएवढ्या उंचीवरून बाहेर पडतो. म्हणून खालचा मैला आधी खड्ड्यातील टाकीत साठवावा लागतो, आणि पंपाने वर ढकलावा लागतो.

काका सहाही दिवस माझ्यासोबत होते. बॅटरी धरीत, नळाचा उतार तपासायला खिशातून काचेची गोटी काढून देत. "सोड आत. गोटी थांबली तर मैलाही थांबेल." गोटी पलीकडून खळकन बाहेर आली की ते लहान मुलासारखे हसत. त्यांच्या अंगाला वास येत होता, हे खरे आहे. मला दुसऱ्या दिवसापासून तो जाणवेनासा झाला.

जमिनीतील जुन्या जाळीकडे आणि तिच्यावरील अंघोळीच्या गंजलेल्या फवाऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तुझा बापही पोलाद कारखान्यातून माझ्यासारखाच खालच्या दारानं घरात शिरायचा ना?"

"हो. बूट पहिल्या पायरीवर, मग अंघोळ, मग वर."

"चाळीस वर्षं! तुझी वेरोनाकाकू वरच्या दाराला कडी घालून उभी. मी ओरडायचो, 'धुतलंय गं!' मग कडी निघायची. एकदा कानामागं काळं राहिलं, तर बयेनं परत खाली धाडलं. नवरा होतो की कोळसा!"

सहाव्या दिवशी बेसिन आणि संडासचे भांडे बसले. पहिले पाणी सोडण्याचा मान मी काकांना दिला. त्यांनी कळ दाबली. त्याच सकाळी आणून ठेवलेल्या पलंगाच्या उशापासून दोन हातांवर जमिनीतून गुरगुराट उठला, आणि पलंगाची लोखंडी चौकट थरथरू लागली. काकांनी टाळी वाजविली.

"पळून जाईल रे तुझा भाडेकरू!"

तेवढ्यात डनीस जिना उतरून आली. तिच्या हातात एक उशी, निळे ब्लँकेट व रबरी चादर होती. मागे ग्रेग रेडिओ घेऊन उभा होता.

"ही तर माझी उशी," काका म्हणाले.

"इथं बरं पडेल तुम्हाला, बाबा. संडास हाताशी, काही लांब नाही."

"आणि भाडेकरू?"

"कुणी येत नाहीये, बाबा," ग्रेग रेडिओला म्हणाला.

डनीसने रबरी चादर अंथरून तिच्या सुरकुत्या काढल्या. "आज माझ्या मैत्रिणी यायच्यात. वर येऊ नका हं. वास येतो हो तुमचा."

दोघे वर गेले. वरच्या दाराची कडी वाजली.

काकांनी पंपाच्या झाकणावर काठी टेकवली. मग म्हणाले, "एमिल, हे त्या कोपऱ्यात सरकवता येईल का रे?"

"काँक्रीट बसलंय, काका."

"तुला ठाऊक होतं?"

मी पाने आणि हातोड्या पेटीत भरू लागलो. पहिल्या पायरीवर बसून त्यांनी बूट काढले आणि एकाला एक लावून ठेवले. नव्या बेसिनवर जाऊन त्यांनी नळ पूर्ण सोडला. तोंड धुतले, मान धुतली. दोन्ही कानांमागे साबण लावून बोटाने घासघासून धुतले. पाणी वाहत होते. ओल्या केसांचा भांग पाडला, सदऱ्याचे गळ्याचे बटण लावले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले.

मी पेटी उचलून खालच्या दाराने बाहेर पडत होतो, तेव्हा वरून त्यांचा आवाज आला.

"धुतलंय गं!"

वर खुर्च्या सरकत होत्या. कोणीतरी हसले. ते दुसऱ्यांदा काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. त्यांनी वापरलेल्या पाण्याने टाकी भरली होती, आणि पंप आपोआप सुरू झाला होता.