रिकामी घागर आणि खेळाचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. माझा काळा कागदी पडदा एका बाजूने फाटला आहे आणि जाळीत धूळ बसली आहे. तरीही आज मी हळू आवाजात बोलणार नाही. एका व्हिडिओ गेमच्या लाकडी पोटात मी आयुष्य काढले. लोकांनी समोरच्या काचेच्या पडद्यावरील चित्राचे कौतुक केले आणि मला गोंगाट म्हटले. म्हणून माझी गोष्ट मीच सांगणार आहे.

दिल्लीतल्या एका लहान कारखान्यात कोणीतरी माझा पडदा चिकटवला, पाठीला चुंबक लावले, दोन तारा जोडल्या. नगरच्या एका दुकानात मी काही वर्षे वाजलो. ते दुकान बंद पडले तेव्हा आष्टीच्या सुग्रीवने आमचे यंत्र टेंपोत घातले, वर गोणपाट बांधले आणि आपल्या गावी आणले. दूध सहकारी संस्थेच्या आवारात त्याने एक गाळा भाड्याने घेतला होता. सकाळी तिथे दुधाच्या कॅनचा खणखणाट असे. कॅन गेले की माझे राज्य सुरू होई.

आमचा खेळ एका शिपायाचा होता. त्याला नदी, पूल आणि जंगल ओलांडून पलीकडच्या ठाण्यावर पोहोचायचे असे. नदीकाठी मी संथ सूर वाजवत असे. खेळणाऱ्याचे खांदे सैल पडत. मग मी हळूच लय वाढवी आणि त्याची बोटे आपोआप घाईला येत. विमान नेहमी पाठीमागून यायचे. ते दिसण्याआधी माझ्यातून घरघर निघे. पूल कोसळण्याआधी मी कडकडत असे. ठाणे जिंकले की मोठा भोंगा वाजे आणि पोरे नाचत. डोळ्यांना फक्त समोरचे दिसते, मित्रांनो. पाठीमागचे सारे मीच सांगत असे.

सुग्रीवची मुलगी रतन शाळा सुटली की गाळ्यात येई. उलट्या ठेवलेल्या दुधाच्या कॅनवर बसून, आमच्याकडे पाठ करून ती अभ्यास करी. तिने पडद्याकडे पाहिलेले मला फारसे आठवत नाही. पण वहीतून मान वर न काढता ती वडिलांना म्हणे, "आण्णा, पूल पडतोय." आणि पूल पडे. सुग्रीव हसून म्हणे, "हिचे डोळे कानात हायेत."

मग दुष्काळ आला. जनावरे चारा छावणीला गेली. संस्थेत दूध इतके कमी येऊ लागले की कॅन उन्हात पालथे पडून राहू लागले. पाणी टँकरने येई. टँकर शहादेव चालवायचा. तो कधी संस्थेच्या आवारात थांबे, तर कधी मारुतीच्या पारापाशी. टँकरचा भोंगा ज्या बाजूने वाजेल तिकडे बायांनी घागरी घेऊन धावायचे, अशी गावाची रीत पडली होती.

एका दुपारी आमच्याकडे कोणीतरी ठाणे जिंकले. मी भोंगा दिला. काही क्षणांतच गाळ्यासमोर घागरींचा गलका झाला. सगळ्यांत पुढे विमलबाई होत्या. आवारात टँकर नव्हता. त्या इकडे तिकडे पाहत असतानाच खरा टँकर पारापाशी आला. त्या धावत तिथे पोहोचल्या तेव्हा शहादेव रिकामी नळी गुंडाळत होता.

विमलबाई परत आल्या आणि रिकामी घागर त्यांनी आमच्या दारात आपटली.

"सुग्रीवभाऊ, आमी पाण्यासाठी जीव तोडून पळावं, अन् इथं पोरांचा खेळ वाजावा? आता घरी काय नेऊ? ह्या डब्यातलं घरघरतं इमान?"

संध्याकाळी सुग्रीवने आपल्या घरचा भरलेला हंडा विमलबाईंच्या दारात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी संस्थेचे चेअरमन अर्जुनराव आले. "यंत्र चालू दे. आवाज बंद," एवढेच सांगून गेले. सुग्रीवने स्वतःच्या हाताने माझी तार काढली.

मी मुका झालो. चित्र मात्र तसेच होते, तेवढेच रंगीत. पोरे आली, खेळली आणि खेळात एकामागून एक मेली.

"इमान कुठून आलं बे?"

"काय माईत! मशीन बिघडलंय."

"मशीन न्हाई, तूच बिघडलाय."

भांडणे झाली, मग कंटाळा आला. चार-सहा दिवसांत गाळा ओस पडला. त्यांना काय कमी झाले ते नेमके कळत नव्हते. खेळात भीती उरली नव्हती आणि भीती नाही म्हणून आनंदही नव्हता. कॅनवर बसलेली रतन आता वारंवार मागे वळून पडद्याकडे पाही. पुन्हा वहीत डोके घाली.

एका सकाळी बाया टँकरची वाट पाहत आवारात बसल्या होत्या. अर्जुनराव संस्थेच्या पायरीवर उभे होते. सुग्रीव त्यांच्यासमोर गेला.

"चेअरमनसाहेब, आवाज बंदच ठेवायचा असंल तर आज मशीन उचलतो. मुका खेळ मी चालवणार न्हाई."

"अरे, चित्र दिसतंय की सगळं. कान कशाला लागतो खेळाला?"

"मग बसा. तुमीच खेळून दावा."

अर्जुनराव चिडून बसले. पहिल्या पुलावर पडले. दुसऱ्यांदा पाठीमागून विमानाने गाठले. तिसऱ्यांदाही विमानानेच. दारात बायांची गर्दी झाली.

"साहेब, निवडणुकीत तर लई धावता, इथंच कसे पडता?" सुग्रीवच्या सासूबाई म्हणाल्या आणि सगळ्या पदरात तोंड लपवून हसू लागल्या.

सुग्रीवने माझी तार जोडली. नदीचा सूर उमटला. लय वाढली तसे अर्जुनराव पुढे सरकून बसले. घरघर ऐकू येताच, विमान दिसण्याआधीच, त्यांनी शिपायाला खाली बसवले. विमान डोक्यावरून निघून गेले.

"आरं तिच्या!" अर्जुनराव ओरडले. "आधी सांगतंय की हे!"

विमलबाई दाराला टेकून सगळे पाहत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "टँकरचं बी असंच हाय. आवाजावर पळावं लागतं. दिसायची वाट पाहिली तर घागर रिकामी."

"मग काय करायचं, विमलबाई?" अर्जुनरावांनी विचारले.

"ह्या डब्यानं का म्हून गप बसायचं? त्याचा भोंगा त्याच्या खेळातला हाय. शहादेवला म्हणावं, तू तुझा बदल."

शहादेवने टँकरला ट्रकवाल्यांचा सुरेल हॉर्न बसवला. पाणी आले की गावात सूर ऐकू येई आणि ठाणे जिंकले की माझा भोंगा. पुन्हा कोणी फसले नाही.

पुढे पाऊस झाला, पोरे मोठी झाली, मोबाईल आले. सुग्रीवने आमचे यंत्र घरी आणून पडवीत ठेवले. महिन्यातून एकदा तो जाळी पुसायचा. या वर्षी ते पुसणे थांबले. सुग्रीव गेला.

तेराव्याला घर भरले होते. मुले कोपऱ्यात मोबाईलवर खेळत होती, सगळ्यांचे आवाज बंद. रतनचे काका आप्पाराव यंत्रावर थाप मारून म्हणाले, "उद्या भंगारवाला येतोय. याची चित्राची काच कवाच बंद पडली. मुका डबा ठेवून काय करायचं?"

"काच गेलीय, काका. मुका न्हाई तो," रतन म्हणाली.

तिने वीज जोडली. काच काळीच राहिली. तिने वडिलांच्या जुन्या गल्ल्यातले एक नाणे यंत्राच्या फटीत टाकले, आणि माझ्या फाटक्या पडद्यातून नदीचा सूर निघाला.

"अगं, दुखवट्याच्या घरात गाणं?" कोणीतरी म्हणाले.

"आण्णांनी मुका खेळ कधी चालवला न्हाई," ती म्हणाली आणि खेळू लागली.

समोर अंधार होता. तिला शिपाई दिसत नव्हता, पूल दिसत नव्हता. मी कडकडलो, तिने उडी मारली. मी घरघरलो, ती खाली बसली. मुलांचे मोबाईल कधी खाली गेले ते त्यांनाच कळले नाही. माझा पडदा थरथरत होता, फाटलेली कड तडतडत होती, पण एकही खूण मी चुकू दिली नाही. मग ठाणे आले, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा भोंगा मी दिला.

थोड्या वेळाने दारात काठीचा आवाज झाला. विमलबाई आल्या होत्या. पाठीत वाकलेल्या, कडेवर रिकामी घागर.

"मावशी, नळ हाय की आता. घागर कशाला?" रतनने विचारले.

"टँकर आला वाटलं," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. "म्हणलं, सुग्रीवभाऊसाठी एकदा अजून फसावं."

रतनने ती घागर त्यांच्या हातातून घेतली, भरली आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवली. भंगारवाल्याचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

मित्रांनो, तुम्ही खेळ उघडता आणि पहिल्यांदा आवाज बंद करता. एकदा तो सुरू ठेवून पाहा. तो सूर कोणीतरी तुमच्यासाठीच रचलेला असतो, पाठीमागचे संकट तुम्हाला आधी कळावे म्हणून. आणि घरात जुना स्पीकर असेल तर त्याची जाळी पुसा. त्याला मुका म्हणण्याआधी तार जोडून बघा.

मी अजून वाजतो.