आरोपी आणि फिर्यादी एकाच गाडीवर

मी एका खटल्याची फाईल बोलतेय. कोर्टातली नव्हे हं, तिथल्या फायलींना निदान सरकारी कपाट असतं. मी रसिका वकिलांच्या मालवणच्या ऑफिसातली, आरोपीच्या बाजूची. आले तेव्हा हिरवीगार होते. सहा पावसाळ्यांनी माझ्या पुठ्ठ्याला बुरशी दिली आणि अशिलांनी चहाचे डाग.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर होडी कुठे ओढून ठेवायची यावरून तय्यब आणि सहदेव यांची जुंपली. सहदेवचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. तय्यबने वल्ह्याने मारलं, असं सहदेवने पोलिसांना सांगितलं. तय्यब जहाजावरचा खलाशी, सुट्टीवर आलेला. "मी नुसतां ढकललंय," असं तो रसिकाबाईंना शपथेवर सांगत होता. दोघांच्याही गोष्टी माझ्याच पोटात.

मग तारखा सुरू झाल्या. एकदा साक्षीदार आला नाही. एकदा पंच गोव्याला लग्नाला गेलेला. एकदा सगळे हजर, तर वीज नाही. महामारीत तर कोर्टच थंडावलं. दर वेळी बाई मला पिशवीत कोंबून न्यायच्या आणि माझ्यावर नवी तारीख लिहून परत आणायच्या. शेवटी माझ्यावर लिहायला जागा उरली नाही, तेव्हा वर कोरा कागद डकवला.

खटला चालू असेपर्यंत तय्यबला कोर्टाच्या परवानगीने एकेका वर्षाचाच पासपोर्ट मिळे. अशा माणसाला जहाजावर कोण घेणार? तो घरी बसला. इकडे सहदेवला होडीवर माणूस मिळेना. वर्षभरात तय्यब त्याच्याच होडीवर जाळी ओढू लागला!

मग मिटवायचं ना, असं तुम्ही म्हणाल. नुसती मारामारी असती तर कोर्टासमोर मिटलीही असती. पण हत्याराने मारल्याचा गुन्हा दोघांनी हात मिळवले म्हणून मिटत नाही. रसिकाबाईंनी हे दोघांना किती वेळा समजावलं असेल! बाजारात बांगडे घेताना समजावलं, फोनवर समजावलं. शेवटी साक्षीच्या दिवशी सकाळी दोघेही ऑफिसात हजर. एकाच मोटारसायकलवरून.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, तू आरोपी, ह्यो फिर्यादी! एकाच गाडयेर बसान कोर्टात येतास?"

"माझी गाडी बंद पडली, बाईनू," तय्यब म्हणाला. "ह्येका येवचांच होतां."

सहदेव आरामात अशिलाच्या खुर्चीत बसला. "आज काय सांगू तां सांगा. आपणच पडलंय म्हणू?"

"माका विचारू नको! मी तुझी वकील नाय. खरां काय तां कोर्टात सांग. आणि आता भायर जा बघू."

तो बाहेर जाऊन दारातच उभा राहिला. बाईंनी माझी नाडी सोडली आणि पुन्हा करकचून बांधली. रागाने की भीतीने, मला कळलं नाही. सहदेव काहीही बोलू शकला असता आणि तय्यबची आणखी वर्षं गेली असती.

साक्षीच्या पिंजऱ्यात सहदेवने आधी शुद्ध मराठीत सुरुवात केली. "सदर दिवशी मी..." तिथेच अडकला. त्याने एकदा तय्यबकडे पाहिलं.

"साहेब, वल्हां तेच्या हातात नव्हतांच. तां माझ्या हातात होतां. मीच उगारलंय. त्यान माका ढकलल्यान, आणि माझां डोक्यां होडयेच्या काठार आपाटलां."

"मग पोलिसांना वेगळं का सांगितलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"राग इललो, साहेब."

सरकारी वकिलांनी त्याला तासभर सोललं. न्यायाधीशांनी खरमरीत झापलं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला, पण तो शब्दाला हटला नाही. पुढच्या तारखेला, पडूनही अशी जखम होऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. हत्याराचा आरोप टिकला नाही. उरली साधी मारामारी. ती कोर्टासमोर मिटवता येत होती, दोघांनी कागदावर सह्या केल्या. सहा वर्षांचं काम दहा मिनिटांत संपलं. मला हसावं की रडावं कळेना.

आता मी माळ्यावर आहे. अंगावर 'निकाली' असं लिहिलंय. तुम्हाला एवढंच सांगते, पोलिसांपुढे रागाच्या भरात बोलाल ते वाक्य तुम्ही संध्याकाळी विसरता, पण आम्हाला ते वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरावं लागतं. तेव्हा आधी घोटभर पाणी प्या.

तय्यबला पुऱ्या मुदतीचा पासपोर्ट मिळाला आणि गेल्या महिन्यात तो जहाजावर रुजू झाला. काल खाली सहदेवचा आवाज आला. मला वाटलं, बाईंचे आभार मानायला आला असेल.

"बाईनू, तय्यब गेलो. होडयेर आता माणूस नाय. तेका परत आणूक काय कायदो आसा?"

मग बाईंनी कपाटातून नवी फाईल काढल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा आत आपटल्याचा.