तीन रविवार

परसात आलुबुखाराचा मुरंबा रटरटत होता. रेबेकाआजी लांब दांड्यानं कढई ढवळत होती. फाटकात पाद्री अल्बर्ट केरेकेश दिसले, तशी ती मागं न बघताच म्हणाली, "प्रभुभोजनाला बोलवायला आला असाल, तर आल्या पावली परत फिरा."

"आजी, तुम्ही प्रभूच्या मेजापाशी येऊन दोन वर्षं झाली. तुमचं वय—"

"माजं वय मला ठावं हाय! तुमच्या पुस्तकात माजा आजा चोर. चोराच्या नातीला कशापायी भाकर?"

बेर्केश गावच्या चर्चच्या मंडळीचा इतिहास पाद्रींनी बारा वर्षं खपून लिहिला होता. त्यात एक ओळ होती: प्रभुभोजनाचा गहू घंटावाल्या मार्टोननं चोरला, म्हणून त्याला तीन रविवार चर्चच्या दाराशी लाजेच्या दगडावर उभं केलं.

"मंडळीच्या जुन्या वहीत आहे, तेच लिहिलं मी."

"आजा म्हनायचा, गहू मागनं घावला. मंडळीच्या पंचांनी ते बी लिवून ठिवलंय. तुमी पुढं वाचलंसा का?"

 पाद्री तिथंच वाचायचे थांबले होते. चोर सापडला, शिक्षा झाली, गोष्ट संपली, असं त्यांना वाटलं होतं.

घरी जाऊन त्यांनी वही काढली. अकरा पानांपुढं दोन ओळी होत्या. गहू माळ्यावर, फळ्यांखाली सापडला. मार्टोन निर्दोष. मात्र पंचांची अब्रू राखण्यासाठी हे मंडळीत सांगू नये.

शनिवारी त्यांनी मंडळीच्या पंचांतले थोरले गाश्पार यांना सांगितलं, "उद्या मी दगडावर उभा राहणार."

"खूळ लागलं का, बाबा? तो दगड लबाडांसाठी हाय. पाद्रीच त्यावर चढला तर उद्या पोरं भ्यायची कुणाला?"

"अर्धं वाचून लिहायला भितील. तेवढं पुष्कळ झालं."

रविवारी धुकं दाट होतं. काळा झगा काढून पाद्री साध्या कोटात दगडावर उभे राहिले. लोक खाली मान घालून आत गेले. एकजण पुटपुटला, "चांगला पुतळा बसवलाय दारात." पंचांनी चालवलेल्या उपासनेच्या शेवटी पाद्रींनी दारातल्या दगडावरूनच वहीतल्या दोन्ही ओळी वाचल्या आणि माफी मागितली. पण रीतीप्रमाणं मंडळीनं माफ करण्याआधी ज्याचं वाईट झालं, त्यानं बोलायचं. सगळ्यांनी रेबेकाआजीकडं पाहिलं.

आजी बाकावरून उठली. "पाय दुखलं का, बाबा?"

"दुखले."

"माजा आजा तीन रविवार हुता. ह्यो एक झाला." आणि ती काठी टेकत निघून गेली.

दुसऱ्या रविवारी पाऊस होता. पाद्री उभे राहिले. तिसऱ्या रविवारी नव्या द्राक्षारसाचं प्रभुभोजन होतं. घंटा होईपर्यंत ते दगडावर थांबले, मग झगा चढवून मेजापाशी आले. पुरुषांची रांग सरली. मग बायका, वयाच्या क्रमानं; सगळ्यात थोर म्हणून रेबेकाआजी पहिली. तिची जागा दोन वर्षं मोकळी असायची. आज ती तिथं उभी होती.

पाद्रींनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढं केला; तो बोटांतून निसटता निसटता राहिला.

"घट्ट धरा, बाबा," ती हळूच म्हणाली. "कण जरी खाली पडला, तरी पुन्यांदा आमचंच नाव यील."