दाभणाने टोचलेली बावन्न पाने

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. मला हातात घेणारा आधी तोंड वाकडे करतो, कारण माझ्या बावन्नच्या बावन्न पानांना दाभणाने टोचलेले आहे. हसू नका. ही भोके एका माणसाच्या पोटात चार घास जावेत म्हणून पाडली गेली.

विलायतेतल्या छापखान्यात मी जन्मलो, तेव्हा माझे अंग गुळगुळीत होते आणि माझ्या राण्या दिमाखात बसत. मोठी लढाई चालू होती. जखमी शिपायांना पाठवलेल्या भेटींच्या खोक्यातून १९४५ साली मी पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आलो आणि बिराप्पाच्या हाती पडलो. बिराप्पा म्हसवडचा धनगर. इटलीत त्याच्या पायात गोळी लागली होती, आणि तिथेच गोऱ्या शिपायांत बसून तो पोकर शिकला होता. शेजारच्या खाटेवर आष्ट्याचा आकाराम होता. घरी ऊस, अंगाने उंचापुरा. सुरुंगाने त्याचे दोन्ही डोळे गेले होते. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि ताट आले की हाताने मागे सारायचा.

"जगून काय करू रं?" एवढेच तो बोलायचा.

बिराप्पाने समजूत घातली, शिव्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. मग त्याने कुठून तरी दाभण मिळवले आणि दोन दिवस मला टोचत बसला. वरच्या कोपऱ्यात पानाची किंमत, खालच्या कोपऱ्यात रंग. खरे सांगतो, मी त्याला मनातल्या मनात लाख शिव्या दिल्या. काम संपल्यावर त्याने मला आकारामच्या हातात कोंबले.

"ह्यो पोकर. दोघांनी पन्नास पन्नास चिंचोकं घ्यायचं. ज्याचं संपलं त्यो हरला. मला हरवंपातूर रोज दोन येळा जेवायचं. हरवलंस, की तुला पुन्हा कवाच जेव म्हननार न्हाई. दे जबान."

"दिली," आकाराम म्हणाला. त्याला सुटका हवी होती.

खेळात तरबेज व्हायला कोणाला नावाची ओढ असते, कोणाला पैशाची. आकारामला उपाशी मरायची मोकळीक हवी होती. असला खेळाडू मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

तो हरला आणि जेवला. पुन्हा हरला, पुन्हा जेवला. त्याची खोड एकच. पाने कशीही येवोत, तो डाव सोडायचा नाही. शिपाईगड्याने माघार घ्यायची म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

"आरं, ही लढाई न्हाई," बिराप्पा चिडायचा. "डाव सोडायला शिकशील तवा खेळाडू हुशील."

पुढे आकाराम मला घेऊन आष्ट्याला आला. दिवाळी सरली की बिराप्पा लंगडत मेंढरे घेऊन यायचा, खतासाठी आकारामच्या रानात ती बसवायचा आणि दुपारी बांधावर माझा डाव मांडायचा. बाकीचे आठ महिने आकारामची बायको अंजना त्याला पाने वाटून द्यायची. करार तिला ठाऊक होता. मला चुलीत घालावे असे तिला रोज वाटे. पण माझ्यापायीच नवरा रोज जेवत होता, म्हणून तीच मला फडक्यात बांधून जपायची. वाटताना तो हरतच राहो म्हणून ती देवाचे नाव घ्यायची.

कारण आकाराम तयार होत होता. आधी त्याला डाव सोडणे जमू लागले. मग त्याने कान लावले. चांगले पान आले की बिराप्पाचे तंबाखू मळणे थांबते, हे त्याने हेरले. आणि एके दिवशी तो दचकून थांबला. जी भोके आपल्याला बोटांना कळतात, ती समोरच्याला डोळ्यांनी दिसत असतील की! दिसतच होती. बिराप्पा दोन वर्षे माझ्या पाठीवरून त्याची पाने वाचत होता आणि त्याला हरवून जगवत होता. मी गप्प होतो, दुसरे काय करणार? त्या दिवसापासून आकाराम पानांचे कोपरे तळव्याखाली झाकू लागला. बिराप्पाचा चेहरा मात्र उतरला.

१९४७ च्या हिवाळ्यात तो डाव आला. आकारामपुढे चिंचोक्यांचा ढीग होता, बिराप्पाजवळ पाच उरले होते. मध्ये आधीच सहा पडले होते, त्यांत त्याने हे पाचही सारले. त्याच्याकडे जोडीसुद्धा नव्हती, आणि तंबाखू मळणे चालूच होते. आकारामच्या हातात माझे तीन एक्के होते. त्याचा अंगठा एकेका एक्क्यावरून सावकाश फिरला. अंजना भाकरी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

आकारामने पाने उपडी टाकली.

"सोडला डाव. पान न्हाई माझ्याकडं."

बिराप्पाने ती गोळा केली, माझ्या पाठीवर नजर टाकली आणि घाईघाईने मला पिसले. त्या वर्षी खेळ अर्धाच राहिला. बिराप्पा जिंकलेले अकरा चिंचोके कनवटीला लावून गेला.

पुढच्या हिवाळ्यात मेंढरे आली, पण त्यांच्यामागे बिराप्पाची बायको धोंडुबाई एकटीच होती. पावसाळ्यात तापाने बिराप्पा गेला होता. तिने एक पुरचुंडी आकारामच्या हातात ठेवली.

"आवं दादा, त्यांचं अकरा चिंचोकं. डाव मोडला न्हाई म्हनावं, थांबलाय. आनि म्हनले, तुझं तीन एक्कं मला दिसलं हुतं. त्या दिशी तू खेळाडू झालास."

आकाराम मला छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. डोळे गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. आता हरवायला कोणी उरले नव्हते आणि दिलेली जबान तशीच होती. बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसले.

"अंजने, भाकरी वाढ. धोंडुबाईलाबी वाढ."

आता मी देवळीत असतो. माझे कोपरे मऊ पडले आहेत, कोणी मला पिसत नाही. मित्रांनो, कोणी ताट मागे सारून भिंतीकडे वळला, तर त्याच्यापाशी बसा. जे हाताशी असेल ते घेऊन बसा, पण उठून जाऊ नका. आणि कधी मला हातात घेतलेत, तर शेजारची पुरचुंडी जपा. तिच्यात अकरा चिंचोके आहेत, त्यातला एकही सांडू देऊ नका.