दहा दिवसांचा सांभाळ

मंचरच्या पूर्वेला उसाच्या मळ्यांत घुसलेल्या एका वस्तीवर भरतचं घर होतं, आणि त्या घरात दोन तापट जीव राहत होते: एक स्वतः भरत आणि दुसरा त्याचा कुत्रा तांबू. भरतचं मंचरात विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची वायर नव्याने भरून द्यायचं दुकान होतं. मोटार घेऊन आलेला शेतकरी आधी त्याच्या शिव्या खायचा आणि मग मोटार सोडून जायचा. तरी गिऱ्हाईक कमी होत नसे, कारण भरतच्या हातची मोटार पुन्हा जळत नसे. तांबूचीही तीच तऱ्हा. पोस्टमन बांधावरूनच हाक मारायचा, सासरे आले तर आधी कुत्रा बांधा म्हणून लांबून ओरडायचे. दोघांच्याही नाकावर माशी बसायची सोय नव्हती.

पण आरतीला, म्हणजे भरतच्या बायकोला, या रागाचं काही वाईट वाटत नसे. अंगणापासून वीस पावलांवर ऊस सुरू व्हायचा, आणि दोन हजार दोन सालच्या त्या हिवाळ्यात उसात बिबट्या आहे हे कोणी सांगायची गरज उरली नव्हती. शेजारच्या वस्तीवरच्या दोन शेळ्या भरदिवसा गेल्या होत्या. तरी पाच वर्षांची अक्षदा त्या अंगणात भातुकली मांडून बसायची, कारण उसाचं पातं नेहमीपेक्षा वेगळं हललं की तांबू अंगावरचे केस उभे करून असा भुंकत सुटायचा, की भरत हातातलं काम टाकून, काठी उचलून, उसाच्या सात पिढ्या उद्धरत बाहेर धावायचा. मग उसात काहीतरी लांब लांब सरकत जायचं. ह्या दोघांच्या रागावर माझी पोरगी वाढतेय, असं आरती हसून सांगायची, आणि ते अक्षरशः खरं होतं.

डिसेंबरात मेहुण्याच्या लग्नासाठी सगळ्यांना दहा दिवस नाशिकला जायचं होतं. तांबूला भाकरी घालायला वस्तीवरचं कोणी तयार होईना. तेव्हा एका गिऱ्हाइकाने लोणीच्या साळुबाईंचं नाव सुचवलं. गावाला जाणाऱ्यांची कुत्री त्या घरी ठेवून घेतात, पोटच्या पोरासारखी सांभाळतात, आणि आजवर एकही कुत्रं तिथून पळालेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

भरत तांबूला घेऊन लोणीला गेला, तेव्हा साळुबाईंच्या सारवलेल्या अंगणात पाच कुत्री उन्हात पडली होती. अनोळखी माणूस आला, अनोळखी कुत्रं आलं, तरी एकानेही मान वर केली नाही. भरतला ते आवडलं, बाईंचा वचक दिसतोय असं त्याला वाटलं. ओट्यावरच्या बाजेवर साळुबाईंचे मालक सावळाराम बसले होते आणि भरतकडे बघून मंद हसत होते. भरतने रामराम घातला, तरी ते तसेच हसत राहिले.

"लई तापट व्हते पूर्वी," साळुबाई म्हणाल्या. "आता न्हाई."

तांबूने त्यांच्यावर दात काढले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून आपल्या काखेत दाबून धरला, बोलता बोलता बराच वेळ धरून ठेवला, आणि मग घामाने ओलसर झालेला तो तुकडा तांबूपुढे टाकला. नवं कुत्रं घरी लागावं म्हणून जुनी माणसं असं करतात, हे भरतला ठाऊक होतं. त्याच्या आजोबांनीही केलं होतं. तांबूने तुकडा हुंगला आणि खाल्ला.

"नेताना तुमी तुमच्या काखंतला तुकडा त्याला ह्याच उंबऱ्यात चारायचा," साळुबाईंनी बजावलं. "त्याबिगर न्यायचा न्हाई."

दहा दिवसांनी भरत तांबूला आणायला गेला तो आधीच वैतागलेला होता. नाशिकहून येताना गाडी दोनदा बंद पडली होती आणि दुकानापुढे गिऱ्हाइकं खोळंबली होती. साळुबाई भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"भाऊ, येवढा काखंत धरा. घटकाभर बसा."

"मावशी, मला टाइम नाय असल्या चाळ्यांना," भरत म्हणाला, आणि तांबूच्या गळ्यातली साखळी धरून निघाला. साळुबाईंनी अडवलं नाही. तुकडा त्यांनी पदरात बांधून ठेवला.

घरी आल्यावर तांबूने अक्षदाचे हात चाटले, भाकरी खाल्ली, आपल्या जागी जाऊन बसला. उजव्या कानाची फाटलेली कड, मागच्या पायावरचा चट्टा, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त संध्याकाळी पोस्टमन थेट दारापर्यंत आला, आणि पत्र हातात देऊन चकित होऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी सासरे आले, त्यांनी तांबूच्या डोक्यावर हात फिरवला. आरतीने हे भरतला सांगितलं तेव्हा तो हसला. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणाच्या कडेला ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. अक्षदाच्या भातुकलीपासून ते चार हातांवर होते, आणि तांबू त्यांच्या शेजारीच, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून, जागा होता.

भरतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तांबूपुढे काठी आपटली, ओरडला, त्याच्या तोंडासमोरून भाकरी ओढून घेतली. तांबू शांतपणे बघत राहिला. त्याच्या नजरेत भीती नव्हती, ओळख होती, माया होती, आणि त्याखेरीज काहीही नव्हतं.

"त्या बाईला जाऊन इचारा," आरती म्हणाली. "आपलं कुत्रं होतं तसं करून द्या म्हणावं. पोरीला मी किती वेळ दारात धरून बसू?"

भरत तांबूला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून लोणीला गेला. वाटभर त्याने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. अंगण रिकामं होतं, ओट्यावर सावळाराम हसत होते. भरत गाडी स्टँडवर लावतो न लावतो तोच घराच्या मागून भुंकणं ऐकू आलं. रागाने फाटलेला, शेवटी घोगरा होणारा तो आवाज भरतने सहा वर्षं रोज ऐकला होता. त्याने खाली पाहिलं. तांबू त्याच्या पायाशी तोंड मिटून बसला होता आणि कान टवकारून, कुतूहलाने, घराच्या मागच्या बाजूला बघत होता.

भरत धावत मागे गेला. मागच्या पडवीत लाकडं रचलेली होती, एक रिकामं जर्मनचं भांडं होतं, आणि कुत्रं कुठेही नव्हतं. तो तिथे पोचताच भुंकणं थांबलं.

"कुठंय ते?" तो मागच्या दारात आलेल्या साळुबाईंवर खेकसला. "काय केलंत माझ्या कुत्र्याला? माझी लेक हाय घरी, उसाच्या कडंला! तिला काय झालं तर हे घर ठेवणार नाय मी!"

"मी सांगितलं व्हतं," साळुबाई म्हणाल्या. "तवाच न्यायचं असतं."

"आता चारतो ना तुकडा. द्या इकडं."

"आता न्हाई चालत, पावणं."

मग भरतच्या तोंडाला लगाम राहिला नाही. तो इतका ओरडला की रस्त्याने जाणारी माणसं थांबली. त्याने बाज लाथाडली, सावळारामांचा पाण्याचा तांब्या अंगणात फेकला. सावळाराम हसत होते. साळुबाई चुलीपाशी बसून त्याचं सगळं ऐकत होत्या, पदराखाली हात घेऊन, अंग आवळून, थंडी वाजल्यासारख्या. बोलून बोलून थकला, तेव्हा तो उंबऱ्यातच मटकन बसला.

"सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुमच्या," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातात पिठलं-भाकरी ठेवली. भूक अशी होती की भरतने वर पाहिलं नाही. भाकरीचा एक तुकडा थोडा ओलसर, खारट लागला.

तांबूला घेऊन तो घरी पोचला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. आरती दारातच उभी होती.

"काय म्हणाली ती?"

"चांगली बाई आहे," भरत म्हणाला. "जेवू घातलं."

आरतीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तिचाच पारा चढला, ती बरंच काही बोलली, शेवटी रडली, आणि तोंड धुवायला मोरीत गेली. तिने असं का करावं ते भरतला कळलं नाही, पण तिच्याबद्दल त्याला फार माया वाटली. तिने ठेवलेला चहा बशीत ओतून तो पायरीवर बसला. तांबू त्याच्या गुडघ्याला टेकून बसला. नवरा दारात आहे म्हणून आरतीने पंजे दिसल्यापासून पहिल्यांदाच पोरीचा हात सोडला होता. अक्षदा पाठमोरी बसून भातुकलीतल्या भांड्यांत माती भरत होती, आणि तिच्यापलीकडे, वारा पडलेला असताना, उसाची पाती एका ओळीत हलत पुढे येत होती.

भरतने ते पाहिलं. तांबूनेही पाहिलं. अशा वेळी आपण काहीतरी करत असू, असं भरतला अंधुक वाटलं, पण ते काय ते आठवेना, आणि आठवायची निकडही वाटेना. ऊस बाजूला झाला. सावकाश, पोट जमिनीला लावून, ते उन्हात आलं. देखणं जनावर आहे, असं भरतच्या मनात आलं, आणि त्याने बशी तोंडाला लावली.